मंगळवारची गळती

गरम पाण्याच्या टबासोबत छत्तीस पानांचं माहितीपुस्तक आलं होतं. त्याच्या शेवटून दुसऱ्या पानावर ‘तज्ज्ञ कारागिराला केव्हा बोलवावे’ अशा मथळ्याखाली नऊ कलमं होती. निरीक्षकांनी टब घरी आला त्याच दिवशी ते पान लाल शाईने तपासून ठेवलं. ‘पाण्याची पातळी वारंवार खाली जात असल्यास’ यापुढे त्यांनी लिहिलं, ‘स्वतः पाहणे.’ ‘पंपातून घरघर येत असल्यास’ यापुढेही ‘स्वतः पाहणे.’ आठव्या कलमात ‘विजेचा सुरक्षा स्विच आपोआप पडत असल्यास, त्वरित’ असं होतं. तिथवर येईतो त्यांचा हात दुखला असावा, कारण तिथे नुसतंच ‘स्वतः’ होतं.

निरीक्षक म्हणजे वजनमापांचे निरीक्षक, आता निवृत्त. एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून तराजूंची पारडी उलटी करून पाहिली, पारड्याच्या बुडाशी चिकटवलेले मेणाचे गोळे शोधून काढले, आणि एकाही दुकानात कधी चहाचा घोट घेतला नाही. अशा माणसाला लोक मान देतात आणि जेवायला बोलवत नाहीत. निवृत्तीनंतर तपासायला घर तेवढं उरलं. नळ, पंखे, बिजागऱ्या, शिलाई मशीन, सगळं त्यांनी एकेकदा उघडलं आणि त्यातलं बरंचसं पुन्हा बंदही केलं. कारागीर बोलावणं म्हणजे त्यांच्या लेखी आपल्याच घरात दुसऱ्या खात्याच्या साहेबाने येऊन शेरा मारून जाणं होतं.

टब घेतला तो बायकोच्या गुडघ्यांसाठी. डॉक्टरांनी तिला गरम पाण्यात बसायला सांगितलं होतं, आणि दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलीने फोनवरून दोघांना भरीला घातलं. निरीक्षकांनी चार टबांचे आकार ताडून पाहिले आणि सगळ्यात मोठा घेतला, कारण माणशी पाणी त्यात सर्वांत वाजवी पडत होतं. तो सहा जणांचा होता. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सहा माणसं त्यात बसून हसत होती. या घरात माणसं दोन, आणि त्यांतलं एकच हसणारं.

ते हसणारं माणूस चौदा महिन्यांपूर्वी निघून गेलं. झालं इतकंच, की टबाचा पंप घरघरायला लागला. निरीक्षकांनी तो काढला, सुटा केला, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ओळीने मांडला आणि “उद्या जोडतो” म्हणाले. पंप अकरा आठवडे टेबलावर होता. बायको अकरा आठवडे ओट्यापाशी उभ्याने जेवली, त्याच गुडघ्यांवर. बाराव्या आठवड्यात तिने एक बॅग भरली, “ताईकडे जाते, टेबल रिकामं झालं की सांगा,” म्हणाली आणि तीन बसथांबे पलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे गेली. भांडण म्हणाल तर झालंच नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

ती गेल्यावर टेबल नवव्या दिवशी रिकामं झालं. पंप चालायला लागला. तीन स्क्रू उरले, तेवढं चालायचंच. सांगायचं मात्र राहिलं. आधी त्यांना वाटलं, आज सांगितलं तर नऊ दिवसांचं काम अकरा आठवडे का रखडलं याचं स्पष्टीकरण द्यावं लागेल. मग वाटलं, तीच विचारेल. तिला वाटलं असेल, हेच सांगतील. दोघंही वाट पाहण्यात तयारीचे होते.

एकट्याने टबात बसायचा प्रयोग निरीक्षकांनी एकदाच केला. सहा जणांच्या टबात एकट्याने बसलं की सभेला वेळेआधी पोचल्यासारखं होतं. आजूबाजूच्या पाच रिकाम्या जागांतून बुडबुडे येत राहतात आणि माणूस उगाच दाराकडे बघतो. ते सहा मिनिटांत बाहेर आले. तरी टब त्यांनी बंद केला नाही. बंद ठेवला तर पाणी खराब होतं, सील वाळतात, असं ते मुलीला सांगत. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं: या घरात ती ज्या वस्तूकडे प्रेमाने बघायची अशी ती एकच वस्तू होती. टब तयार असेल तर ती कधीतरी येईल. टब गेला तर तिने यायला काही निमित्तच उरणार नाही. म्हणून मागच्या व्हरांड्यातला तो टब चौदा महिने, झाकण घालून, अडतीस अंशांवर कुणाची तरी वाट पाहत होता, आणि निरीक्षक रोज सकाळी सात वाजता त्यातल्या पाण्याची पातळी मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहीत होते.

याच वहीने घोटाळा केला. सात आठवड्यांपूर्वीपर्यंत पाणी रोज केसभर घटायचं, वाफ होऊन, रीतसर. मग एका बुधवारी सकाळी पट्टीवर एकदम चार मिलिमीटर तूट दिसली. पुढचे सहा दिवस सगळं सुरळीत. पुढच्या बुधवारी पुन्हा चार. त्याच्या पुढच्या बुधवारी साडेचार. म्हणजे मंगळवारी टब गळत होता, आणि मंगळवारीच गळत होता.

माणूस एकतीस वर्षं लबाडी पकडण्यात घालवतो आणि त्याची मान एका ठरावीक बाजूलाच वळायला शिकते. निरीक्षकांनी वस्तूंवर संशय घेतला. मंगळवारी नळाचा दाब वेगळा असतो का, हे त्यांनी पाणीखात्याला पत्र लिहून विचारलं. पंपाची घड्याळी वेळ बदलली. मग त्यांनी पुस्तकातली बादलीची चाचणी केली: टबाच्या पायरीवर टबाचंच पाणी भरलेली बादली ठेवायची, दोन्हींच्या पातळ्यांवर खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. दोन्हीकडे सारखंच घटलं तर वाफ. टबात जास्त घटलं तर गळती. मंगळवारी सकाळी त्यांनी बादली ठेवली. संध्याकाळी पाहिलं तर टबातलं पाणी चार मिलिमीटर खाली होतं आणि बादलीतलं दोन बोटं वर. शिवाय बादलीची कडी उजवीकडची डावीकडे झाली होती. यावर त्यांनी वहीत दीड पान लिहिलं. त्यात पंपाच्या कंपनांचा, हवेच्या दाबाचा आणि भरती-ओहोटीचाही विचार होता. बादली कुणीतरी उचलून बाजूला ठेवली आणि मग अंदाजाने भरून परत जागेवर ठेवली, ही शक्यता त्या दीड पानात कुठेही नव्हती.

मंगळवारी ते स्वतः घरी नसायचे. दर मंगळवारी दहा ते एक ते वॉर्ड ऑफिसच्या जिन्याखाली ‘ग्राहक मार्गदर्शन केंद्र’ अशी पाटी लावलेल्या टेबलामागे बसत. फसवल्या गेलेल्या ग्राहकांना मोफत सल्ला, अशी ती योजना. ग्राहक फसवले जात नव्हते असं नाही, पण जिन्याखाली कुणी येत नव्हतं. आठवड्याला सरासरी शून्य पूर्णांक चार माणूस, असा निरीक्षकांचाच हिशेब होता, आणि त्या शून्य पूर्णांक चारातलं बरंचसं माणूस प्रसाधनगृह कुठे आहे हे विचारायला यायचं.

गळती थांबवण्यासाठी त्यांनी एकेक सांधा उघडला, नवा वायसर घातला, वर डिंकासारखा कसलासा सफेद लेप फासला. मंगळवार काही ऐकेना. त्यात तीन आठवड्यांपूर्वी आठवं कलम उपटलं: विजेचा सुरक्षा स्विच अधूनमधून आपोआप पडायला लागला, टब थंड व्हायला लागला. निरीक्षकांनी स्विच ‘अतिसंवेदनशील’ ठरवला आणि टबाची वायर त्याला वळसा घालून थेट जोडली, तात्पुरती. ते बेफिकीर नव्हते. टबात कुणी बसतच नाही, हे त्यांनी वहीत कारणासह नोंदवलं, आणि स्वतः पातळी मोजताना ते मेन स्विच बंद करीत, रबरी चपला घालीत, स्टीलची पट्टी सोडून प्लास्टिकची घेत.

मुलीचा दर रविवारी फोन यायचा. ती आईबद्दल बोलायची नाही आणि हेही विचारायचे नाहीत, त्यामुळे बोलायला टबच उरायचा. सातव्या रविवारी ती वैतागली. म्हणाली, बाबा, तुम्ही सात आठवडे एका भोकाच्या मागे आहात, आता तरी माणूस बोलवा, मी नंबर पाठवते. निरीक्षकांनी नेहमीसारखं ‘बघतो’ म्हटलं. पण फोन ठेवल्यावर ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. झाकणाखालून पंपाचा आवाज येत होता, तोही आता जरा दमल्यासारखा. टब त्यांच्या हातून जाणार आणि त्याच्याबरोबर ती यायची उरलीसुरली आशाही, हे त्यांना पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. संध्याकाळी त्यांनी नंबर फिरवला. सोमवारी सकाळी मेकॅनिक येणार असं ठरलं.

मेकॅनिक ही बाई निघाली. चाळिशीची, जाड तळव्याचे बूट, हातात पत्र्याची पेटी. निरीक्षकांनी अनुभव किती वर्षांचा, असं विचारलं. ती म्हणाली, टब बघू आधी, मग मला बघा. तिने झाकण उघडलं, हात कोपरापर्यंत बुडवला, सफेद लेपाने माखलेले सांधे पाहिले आणि “हे सगळं तुम्ही केलंत काका?” असं विचारलं. निरीक्षक हो म्हणाले. ती म्हणाली, “केक छान झालाय.”

मग तिने वही मागितली. निरीक्षकांची वही आजवर कुणी मागितली नव्हती. ते आत गेले, वही आणली आणि येताना आपण होऊन चहा टाकून आले. मेकॅनिकबाईने टबाच्या कठड्यावर बसून चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाली आणि पानं उलटत राहिली. बादलीच्या दीड पानाशी ती थांबली. ते तिने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण तिने तो आवरला.

“काका, गळती वार बघत नाही,” ती म्हणाली. “वार माणसं बघतात.”

निरीक्षकांनी आपला पंपाच्या वेळेचा सिद्धान्त मांडायला घेतला. तिने हात वर केला. झाकण दोन तास उघडं ठेवलं, हवेचे फवारे चालू केले आणि एक माणूस आत उतरून बाहेर आलं, की या मापाच्या टबात एवढंच पाणी जातं, हे तिने सांगितलं. आठवड्याला असे वीस टब ती बघत होती. मग विचारलं, मंगळवारी घरी कोण असतं? कुणी नाही. मागच्या दाराची किल्ली कुणाकडे आहे? निरीक्षक ‘कुणाकडे नाही’ म्हणायला गेले आणि दाराच्या कुलपाकडे बघू लागले.

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. फिल्टर खेचून बाहेर काढला. कागदी घड्यांचा तो गठ्ठा पिवळट, तेलकट झाला होता. तिने वास घेतला आणि तो निरीक्षकांपुढे धरला. “हे तुमचं आहे का?”

कापराचा आणि कसल्याशा पाल्याचा उग्र वास होता. गुडघ्यांच्या तेलाचा. हा वास अकरा वर्षं त्यांच्या झोपायच्या खोलीत होता. अकरा वर्षं त्यांनी त्याच्याबद्दल तक्रार केली होती, उशी दुसऱ्या बाजूला घेतली होती, खिडकी उघडायला लावली होती. चौदा महिन्यांत त्या खोलीतून तो पुरता गेला होता, आणि तो गेला हे त्यांच्या कुठल्याच वहीत नव्हतं.

“धुऊन टाकू?” मेकॅनिकबाईने विचारलं.

“जरा थांबा,” निरीक्षक म्हणाले आणि फिल्टर हातात घेऊन उभे राहिले. पाणी त्यांच्या बाहीतून कोपरापर्यंत गेलं.

ती येत होती. सात मंगळवार, बसने, तीन थांबे, ते जिन्याखाली रिकाम्या खुर्चीला मार्गदर्शन करीत बसलेले असताना ती इथे, या पाण्यात, बसून जात होती. लादी पुसून, झाकणाचे पट्टे लावून, बादली भरून. त्यांना हसू यायला लागलं होतं. ते पुरतं येण्याआधी मेकॅनिकबाई विजेच्या पेटीपाशी जाऊन वाकली होती आणि बराच वेळ वाकलेलीच होती. ती सरळ झाली तेव्हा तिचा आवाज बदलला होता.

“ही वायर अशी कुणी लावली?”

निरीक्षकांनी सांगितलं. तात्पुरती, म्हणाले.

तिने आधी मेन बंद केला. मग पेटीतून मीटर काढला, हीटरच्या टोकांना लावला आणि काटा त्यांना दाखवला. हीटरच्या नळीला तडा गेला होता. विजेचा थोडा थोडा अंश पाण्यात उतरत होता, आणि तेवढ्यासाठीच तो स्विच पडत होता. पडणं हेच त्याचं काम होतं. तिने जमिनीकडे जाणारी अर्थिंगची वायर ओढून पाहिली. ती घट्ट होती. “हिने वाचवलंय,” ती म्हणाली. “किती आठवडे?”

“तीन.”

“म्हणजे तीन मंगळवार.”

निरीक्षक टबाच्या कठड्यावर बसले. फिल्टर अजून हातातच होता. मोजणारा माणूस होता, त्यामुळे मोजल्यावाचून राहवेना: तीन मंगळवार, दोन दोन तास, सहा तास. त्यांनी स्वतःसाठी रबरी चपला घातल्या होत्या.

मेकॅनिकबाईने थेट जोडलेली वायर कापली, पेटीला लाल पट्टी गुंडाळली आणि कागदावर लिहून दिलं: हीटर बदलेपर्यंत टब बंद, नवा हीटर यायला आठ दिवस. जाताना दारात थांबली. म्हणाली, काका, पुस्तकातलं आठवं कलम तेवढं हौसेचं नसतं. बाकीच्या आठांत काय खेळ करायचा तो करा.

ती गेल्यावर दुपारभर टब थंड होत गेला. आणि उद्या मंगळवार होता.

ही खरी अडचण होती. बायको उद्या येणार, झाकण उघडणार, हात घालणार आणि पाणी थंडगार लागणार. तिला काय वाटेल, याबद्दल निरीक्षकांना शंका नव्हती: यांना कळलं, आणि यांनी बंद केला. मग ती पुन्हा येणार नाही. ना मंगळवारी, ना कधी. आणि सांगावं, तर तिचं चोरून येणं उघडं पडणार. अडतीस वर्षं तिला ते ओळखत होते. पकडली गेलेली गोष्ट ती पुन्हा करीत नसे. म्हणजे कसंही केलं तरी मंगळवार जाणार होता.

त्यांनी आधी कागद काढला. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात केली. ‘तांत्रिक कारणास्तव सदर टब’ इथपर्यंत आले आणि त्यांना आठवलं, की गॅसवर, फ्रिजवर, न्हाणीघरात त्यांनी आजवर लावलेल्या एकाही सूचनेकडे तिने मान वर करून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या मसुद्यात ‘संबंधितांस’ खोडून तिचं नाव घातलं. ते इतकं उघडं दिसायला लागलं की तोही फाडला. सहा वाजता त्यांनी फोनपाशी खुर्ची ओढली. सातला पाच मिनिटं असताना नंबर फिरवला.

मेहुणीने उचलला. “आज सोमवार आहे,” ती म्हणाली.

म्हणजे मंगळवारचं तिलाही ठाऊक होतं. निरीक्षक म्हणाले, ताई, तिला जरा द्या.

“जेवतेय,” मेहुणी म्हणाली. “बसून.”

हे त्यांनी गिळलं. मग पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं आली, सावकाश, एक पाय जरा उशिरा टेकणारी.

“बोला.”

“उद्या येऊ नकोस,” निरीक्षक म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना कळलं की सगळ्या वाक्यांतून त्यांनी नेमकं हेच निवडलं.

“बरं,” ती म्हणाली. त्या ‘बरं’ला अडतीस वर्षांची धार होती.

“तसं नाही. ऐक. टब बंद आहे. हीटर फुटलाय, पाण्यात करंट उतरत होता. सुरक्षा स्विच पडत होता, त्याला वळसा घालून मी वायर थेट जोडली. तीन आठवडे. तू येतेस हे मला माहीत नव्हतं.”

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

“म्हणजे मी तीनदा बसले त्यात.”

“हो.”

इथे सांगण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं. जमिनीची वायर घट्ट होती आणि ती त्यांनीच घट्ट केली होती. उतरणारा करंट किती थोडा होता, हा आकडाही त्यांनी मेकॅनिकबाईकडून लिहून घेतला होता. सगळं खरं होतं, आणि ते सांगितलं असतं तर त्यांचा अपराध निम्म्यावर आला असता. कागद समोरच होता. निरीक्षकांनी तो उलटा करून ठेवला.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आजवर फक्त दुकानदारांच्या जबाबात लिहून घेतलं होतं.

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, “कळलं कसं?”

“मेकॅनिक आली होती.”

“बोलावली कुणी? पोरीने?”

“नंबर तिने दिला. फोन मी केला.”

“तुम्ही.”

“हो.” आणि मग, एकदा तोंड उघडलंच आहे तर, म्हणून ते म्हणाले, “टेबलही रिकामं आहे.”

“ते दिसलं मला. पहिल्याच मंगळवारी.”

“मग बोलली का नाहीस?”

“सांगणार तुम्ही होतात,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे निरीक्षकांना जास्त लागलं. मागून मेहुणी काहीतरी पुटपुटली. तिने तिला ‘थांब गं ताई’ म्हणून गप्प केलं. मग विचारलं, हीटर कधी बसेल? निरीक्षक म्हणाले, आठ दिवसांत, मेकॅनिकबाईच बसवतील, मी हात लावणार नाही. ती म्हणाली, लावूच नका.

“मग त्यानंतरच्या मंगळवारी येईन,” ती म्हणाली. “तुम्ही मात्र केंद्रावर जा.”

“मी घरी थांबलो असतो तर—”

“जा तुम्ही.”

“बरं,” निरीक्षक म्हणाले.

मधला मंगळवार कोरडाच गेला. हीटर त्याच्या पुढच्या सोमवारी बसला. निरीक्षक सबंध वेळ स्वयंपाकघराच्या दारात हात मागे बांधून उभे होते. एकदा मेकॅनिकबाईने स्वतःहून त्यांच्या हातात बॅटरी दिली आणि इकडे उजेड धरा म्हणाली. त्यांनी तो इतका नेमका धरला की तिला दोनदा सांगावं लागलं, काका, जरा सैल. स्विच परत कामाला लागला. तिने बटण दाबून तो मुद्दाम पाडून दाखवला, खटकन पडला. रात्रीपर्यंत पाणी अडतीसवर गेलं होतं.

मंगळवारी सकाळी निरीक्षकांनी व्हरांडा पुसला. धुतलेला टॉवेल खुर्चीवर ठेवला, मग तो फार मुद्दाम ठेवल्यासारखा वाटला म्हणून उचलून दोरीवर टाकला, मग पुन्हा खुर्चीवर आणला. साडेनऊला घराला कुलूप लावलं. रस्त्याच्या वळणाशी बस थांबलेली दिसली तेव्हा त्यांनी मागे न बघता पावलं उचलली.

केंद्रात तीन तासांत कुणी आलं नाही. एक वाजता वॉर्ड ऑफिसच्या शिपायाने पाटी उतरवली, टेबल भिंतीला लावलं आणि जिन्याखालच्या जागेला साखळी घातली. निरीक्षक बाहेरच्या बाकावर येऊन बसले. आज चोरून यायचं नाही, म्हणून ती सावकाश साडेअकराला आली असेल, तर दीडपर्यंत टबात. मग केस वाळवणार. मग कदाचित स्वयंपाकघरात डोकावणार, चहा करून घेणार. बसूनच घेईल. घाई करून निघाली तर गुडघ्यांना त्रास. त्यांनी ठरवलं, चारच्या आधी इथून हलायचं नाही. मग विचार केला, पाच.

उन्हं बाकाच्या एका टोकावर आली तसे ते दुसऱ्या टोकाकडे सरकले. तीनच्या सुमाराला शिपाई पाण्याची बाटली भरायला बाहेर आला आणि त्यांना तिथेच बघून थबकला. बारा वर्षं तो त्यांना एकच्या ठोक्याला उठताना पाहत आला होता.

“साहेब, गेला नाहीत? घरी कुणी नाही वाटतं आज.”

“आहे,” निरीक्षक म्हणाले. “म्हणूनच बसलोय.”

शिपायाला काही कळलं नाही, पण साहेब माणूस आहे म्हणून त्याने मान हलवली, बाटली भरली आणि आत गेला. निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं, आणि पाय लांब करून बसले.